माईकशिवायची हिरा

हिरे, परवा माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात तू गात होतीस की बाई गात होत्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुला जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. ऑफिसला चालले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्या नवऱ्यानं, अरुणरावांनी करायला दिलेल्या तुझ्या कागदांच्या झेरॉक्स. रिक्षावाल्यानं कॅसेट लावली आणि आपलं गाणं सुरू झालं. टेंभी नाक्याच्या नवरात्रात तुला ज्याला दोनदा वन्स मोअर मिळालेला, ते.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वा, जुनं गाणं. मला ती सोय नाही. ते गाणं मुळात जिचं, त्या मोठ्या गायिकेला आपण आपसात नुसतं ‘बाई’ म्हणायचो, आणि तू ऑर्केस्ट्रात कितीतरी वर्षं हुबेहूब बाईंच्या आवाजात गायलीस. पुढे जुनी गाणी नव्या मुलींकडून गाऊन घेऊन स्वस्तात कॅसेटी काढायचं पेव फुटलं, तेव्हा अंधेरीच्या एका स्टुडिओत जाऊन तूही एक कॅसेट भरून आलीस. कव्हरवर कुठल्याशा नटीचं चित्र होतं, तुझं नाव नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही रिक्षात, कुठल्याही पानाच्या गादीवर बाई गायला लागल्या, की ती तू असू शकतेस. वाद्यं वेगळी असतात म्हणतात, पण रिक्षाच्या फाटक्या स्पीकरमधून वाद्यं कुणाला ओळखू येतात?

ओळखायची खूण एकच आहे. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी बाई एक लांब सूर अलगद खाली आणतात. तुझा तो सूर मध्येच किंचित गिळल्यासारखा होतो, आणि मग उतरतो. का, ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. आता एकटीला.

मी कान देऊन बसले. दुसरा अंतरा आला. सूर लागला. आणि शेजारच्या ट्रकनं असा काही हॉर्न दिला की ती जागा त्यात गेली. हॉर्न थांबला तेव्हा सूर खाली पोचलेला होता.

“दादा, जरा मागे घ्या ना गाणं.”

“रिवाइंडचं बटण तुटलंय ताई. पूर्ण बाजू फिरली की येईल परत.”

“कुठली कॅसेट आहे ही? कव्हर?”

“मेव्हण्याची आहे. कव्हर नाय. का, खराब वाजतेय का?”

मी नाही म्हटलं. ऑफिसपाशी उतरले आणि रस्ता ओलांडायचा सोडून तशीच उभी राहिले. तुला माहीत आहे, मी अशी उभी राहणारी नाही. तुझ्या तेराव्याची भांडी, भटजी, पानं वाढणारे, डोंबिवलीतल्या कुणाला चिठ्ठी आणि कुणाला निरोप, सगळं मी कागदावर मांडून पार पाडलं. कामं मांडली की मला रडू येत नाही. पण परवा मला असं वाटलं, की तू गेलीस ती गेलीसच, शिवाय आता हळूहळू बाईंच्या आत जाते आहेस. आणखी वर्षभरानं मला तुझा आवाज आठवायला गेलं, तर बाईच आठवतील.

आणि हे मला वाटण्याआधी तुझ्या लेकीला वाटलं होतं.

तेरावं झाल्यावर रेवा माझ्याजवळ येऊन बसली. तेरा वर्षांची पोर, तुझ्यासारखीच थेट बोलते. म्हणाली, “शैलामावशी, आई गायची म्हणतात सगळे. मला ऐकव ना.” माझ्याकडे आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी आहेत, नीट, तारीखवार. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. तिनं तीन-चार गाणी ऐकली, आणि टेप बंद केला. मला वाटलं, गहिवरली असेल. ती म्हणाली, “ही तर ती गायिका आहे. यात आई कुठे आहे?”

मी म्हटलं, “अगं, हीच आई. ती तसंच गायची.”

“तसं म्हणजे त्या बाईंसारखं. आणि आईसारखं कसं गायची?”

हिरे, मी कॅसेटी पिशवीत भरल्या आणि घरी आले. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. तुझा स्वतःचा आवाज कुणाजवळ तरी उरला आहे की नाही? रेवाला तो देता येईल की नाही? बाकीची सगळी कामं झाली. हे एक होत नव्हतं.

आपण कॉलेजात होतो तेव्हा असला प्रश्न पडलाच नव्हता. त्या वयात मला वाटायचं, मोठं होणं म्हणजे कुणासारखं तरी होणं. मी एका नटीसारखी भांग पाडायचे, तिच्यासारखी पदराची पिन लावायचे. वर्गातल्या निम्म्या मुली तेच करायच्या आणि एकमेकींना नावं ठेवायच्या. तुझ्यासारखी चेंदणी कोळीवाड्यातून आलेली आणि माझ्यासारखी नौपाड्यातल्या पांढरपेशा घरातली, आपली मैत्री झाली तीसुद्धा रेडिओमुळे. गाण्याचे शब्द उतरवायचे असायचे आणि गाणं तर हातातून पळायचं. तू युक्ती काढलीस. पहिली ओळ तू लिहायचीस, दुसरी मी, तिसरी तू, चौथी मी. गाणं संपलं की दोघींचे कागद शेजारी ठेवायचे. तुझ्या ओळी अर्ध्या असायच्या. मी चिडायचे.

“लिहीत का नाहीस पुरतं?”

“ऐकत होते.”

“मग मी काय करत होते?”

“तू शब्द ऐकत होतीस. ती श्वास कुठे घेते ते बघितलंस का?”

शब्द पाठ करणाऱ्या मुली पुष्कळ बघितल्या. श्वास पाठ करणारी तू एकटीच. आमच्या गच्चीवर तू गायचीस आणि मी टाकीला टेकून डोळे मिटायचे, की बाई गच्चीवर! माझी आई खालून वर आलेली एकदा, रेडिओ बंद करायला. तुला बघून म्हणाली, “अगंबाई, ही होय!” मग तुला खाऊ दिला आणि मला आत नेऊन सांगितलं, “पोरगी गोड आहे, बोलणं तेवढं सुधारायला हवं.” तू ते ऐकलंस. महिन्याभरात तुझ्या बोलण्यातला कोळीवाडा निघून गेला. श्वास पाठ करणारीला ‘ल’चे चार ‘ळ’ करणं किती अवघड? माझ्या आईला नमस्कार करताना तू इतकं शुद्ध बोलायचीस की मला हसू यायचं. तू मला मागून चिमटा काढायचीस.

ऑर्केस्ट्रावाल्या भाऊंनी तुला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं. दिवसा कंपनीत कारकुनी आणि सुट्टीच्या दिवशी अकॉर्डियन, असा तो माणूस. घरी येऊन म्हणाला, “आवाज बाईंचा आहे, नाव बदलू. हिरा म्हटलं की पब्लिकला लावणी वाटते.” तू कु. मधुरा झालीस. मुलगी गाणार म्हणजे तिच्याबरोबर सोबत हवी, ही तेव्हाची रीत. कुणाची आई यायची, कुणाचा मामा. तुझी आय तोंड फिरवून म्हणाली, “पोरगी एकटी नाय जायाची.” म्हणून सोबत मी. आणि माझ्या घरी सांगितलं, की भाऊंना गाण्यांचा क्रम लिहायला हुशार मुलगी हवी आहे. दोन्ही खरं होतं. मी स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. पुढलं गाणं कुठलं, फर्माईशीची चिठ्ठी कुणाची, ढोलकीवाला चहाला कुठे गेला, सगळं माझ्याकडे. तू गाऊन आत आलीस की पहिलं माझ्याकडे बघायचीस. मी मान हलवली की पाणी प्यायचीस.

मग त्या गिळलेल्या सुराची गोष्ट. ज्या कॅसेटवरून तू ते गाणं बसवलंस, ती आमच्या टेपनं खाल्लेली. मी पेन्सिल घालून फीत गुंडाळून घेतली होती. फीत चुरगळली होती तिथे सूर क्षणभर बुडायचा. तुला वाटलं, ही बाईंचीच जागा! तू आठ दिवस घासून ती तशीच्या तशी उचललीस. टेंभी नाक्यावर ती गायलीस आणि लोक वेडे झाले. एक टोपीवाले गृहस्थ मागे येऊन म्हणाले, “पोरी, तो सूर काय गिळलास गं! अंगावर काटा आला.” आठवड्यानं एका हॉटेलात रेडिओवर मूळ गाणं लागलं. सूर सरळ खाली आला. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि आपल्याला इतकं हसू आलं की वेटरनं येऊन विचारलं, “काय झालं?”

मी लगेच म्हटलं, आता दुरुस्त कर.

“राहू दे.”

“चूक आहे ती हिरे.”

“एवढं एक माझं आहे, शैले.”

“तुझं कुठलं? ते आमच्या टेपच्या रोलरचं आहे.”

“असू दे रोलरचं. बाईंचं नाही ना?”

“लोक बाईंना ऐकायला येतात. त्यांना बाई दे.”

तू दुरुस्त केलं नाहीस. स्टुडिओतसुद्धा तसंच गायलीस, त्या लोकांच्या लक्षातही आलं नाही. मला तेव्हा तो हट्ट वाटला. परवा रिक्षात बसून त्याच हट्टाची वाट बघत होते.

पण तो आवाज तुझा नव्हे, हे तुलाही माहीत होतं. नुसती एक जागा तुझी. तुझा आवाज मी एकदाच ऐकला आहे. कल्याणला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

एका सोसायटीचा हॉल होता. दुपारचा कार्यक्रम, हॉल भरून बायका, मांडीवर पोरं, हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्या. दुसऱ्या गाण्यात वीज गेली. माईक मेला, ऑर्गन मेला, पंखे थांबले. भाऊ म्हणाले, “अकॉर्डियनला वीज लागत नाही. चल, असंच घेऊ.” तू सुरू केलंस. बाईंचा तो बारीक, रेशमासारखा आवाज माईकजवळ ओठ नेऊन काढायचा. माईक नाही म्हटल्यावर तो पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मागून बायका ओरडल्या, “ऐकू येत नाही!” तू माझ्याकडे बघितलंस. मग तू भाऊंना म्हणालीस, “पट्टी खाली घ्या. अजून खाली.” आणि तोंड उघडलंस.

हिरे, मी घाबरले. मला खरंच वाटलं, दुसरं कुणीतरी गातंय. जाड आवाज. रुंद. कडेला खरखरीत, मध्ये भरलेला. तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथून परत आला. वाट्यांचा आवाज थांबला. गाणं तेच होतं, नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं. बाई गातात तेव्हा ती वाट बघणारी रुसलेली वाटते. तू गायलीस तेव्हा तो नवरा परत येणार नाही हे तिला माहीत आहे, आणि तरी ती दारात उभी आहे, असं वाटलं. भाऊंची बोटं अडखळली. मी त्यांना कधी अडखळताना पाहिलेलं नव्हतं.

अंतऱ्याच्या मध्येच वीज आली. पंखे फिरले, माईक किंचाळला, आणि एका ओळीत, एकाच ओळीत, तू बाई झालीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पंखे आले म्हणून.

चहाच्या वेळी यजमानीणबाई म्हणाल्या, “मधुराताई, मध्ये आवाज बसलेला का हो तुमचा? हळद-दूध घेत जा.”

तू हसून म्हणालीस, “हो ना, सर्दी झालीय.”

परत येताना बसमध्ये मी बडबडत होते. मी म्हटलं, तसं गा. एकच गाणं, कार्यक्रमाच्या मध्ये ठेवू, मी क्रमात बसवते. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

“कुठे गाऊ तसं? डोक्यावर टोपली घेऊन मासळी बाजारात?”

“असं काय बोलतेस?”

“तूच म्हणालेलीस ना, लोक बाईंना ऐकायला येतात? मग? त्या यजमानीणबाईंना सर्दी वाटली ती. खोटं बोलल्या का त्या?”

“मला नाही वाटली सर्दी.”

“तू सोबत आहेस. तू पब्लिक नाहीस.”

हे भांडण आपण कधी संपवलं नाही. लग्न झालं, तू डोंबिवलीला गेलीस, रेवा झाली. ऑर्केस्ट्रे बसले, लोक नुसत्या तयार ट्रॅकवर गायला लागले. अरुणराव चांगला माणूस, त्यांनी कधी अडवलं नाही. उलट म्हणायचे, घरी तरी गात जा. तू गायची नाहीस. एकदा तुझ्या गॅलरीत मटार सोलताना मी विचारलं, तर म्हणालीस, “तोंड उघडलं की बाई येतात गं. भाजीत मीठ घालताना गुणगुणायला जावं, तर बाई. माझं शोधायला गेले, ते येतच नाही. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.” मी व्यावहारिक सल्ला दिला. रोज सकाळी अर्धा तास खालच्या पट्टीत रियाज कर, येईल. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला मी पोस्टाचा पत्ता सांगितला असावा. मग म्हणालीस, “तू मटार सोल.”

आजारपणात मी रोज यायचे. औषधांच्या वेळा, डबा, रेवाची शाळा, एवढंच बोलायचो. कल्याणच्या त्या दुपारी मला तू बाईंपेक्षा आवडली होतीस, हे सांगायचं राहिलं. भांडणात ‘तसं गा’ म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. हे मी बोललेच नाही. आता बोलते आहे, तर ऐकायला तू नाहीस आणि रिक्षात कोण गातंय ते समजत नाही.

त्या दुपारची कॅसेट माझ्याकडे आहे. रेवाच्या प्रश्नानंतर मी ती काढली. माझा टेपरेकॉर्डर विजेवर चालायचा, त्यामुळे वीज गेली तेव्हा तोही थांबला, आणि आली तेव्हा सुरू झाला. कॅसेटवर बाई गातात, मग खट्, आणि मग परत बाई गातात. ते ‘खट्’ मी पुन्हा पुन्हा ऐकलं. तू त्या आत आहेस. तिथे काहीही नाही.

मग मी रेवासाठी स्वतः गाऊन बघितलं, दार लावून. मला सूर नाही हे तू जाणतेसच. पण वाईट त्याचं नाही वाटलं. वाईट याचं, की माझ्या बेसूर गळ्यातूनसुद्धा जे आलं, ते बाईंची नक्कल करणारं आलं.

काल रविवारी मी रेवाला घेऊन चेंदणीला गेले. काम होतं. तुझ्या आयला दवाखान्यात दाखवायचं ठरलेलं, तिचे जुने कागद घ्यायचे होते. रेवा तिथे फारशी जात नाही. दारातच बुजून उभी राहिली. आय उंबऱ्यात बसलेली, पाय पसरून. तू गेल्यापासून मासळी घेऊन बाजारात गेलेली नाही. खूप बारीक झाली आहे.

“ये गो, बस. आशी पावन्यासारी काय उभी? शैले, तू तरी बस. कागद कागद काय करतेस सदा?”

मी खाली बसून कागद लावत होते. रेवा दाराच्या चौकटीशी खेळत होती. चहाला दूध नव्हतं. आयनं बसल्या जागेवरून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या जावेला हाक मारली.

“शेवंते गो! दूध घेऊन ये!”

माझ्या हातातले कागद खाली पडले.

जाड. रुंद. कडेला खरखरीत, मध्ये भरलेला. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि भिंतीला लागून परत आला. इतकी वर्षं मी आयला ओळखते. पण ती माझ्याशी बोलायची ती जवळ बसून, हळू आवाजात. तिची लांबवरची हाक मी कधी लक्ष देऊन ऐकलीच नव्हती.

“मावशी, काय झालं?”

“ही,” मी म्हटलं. “तुझी आई. तू विचारलंस ना? एकदा गायलेली, कल्याणला, माईक बंद पडल्यावर. अशी.”

रेवानं आजीकडे बघितलं. “पण आजी ओरडतेय.”

“हो.”

तिनं चौकट सोडली. मग आजीजवळ जाऊन उकिडवी बसली. “आजी, परत एकदा हाक मार ना.”

“येतंय की दूध. आता कोनाला मारू?”

रेवानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आय एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. आमचं काय चाललंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. ती चौकट धरून उठली. गुडघे वाजले. तोंड खाडीच्या बाजूला केलं, आणि तुला हाक मारली.

“हिरेऽऽ!”

समोरची दोन दारं उघडली. शेवंता दुधाचं भांडं घेऊन वाटेतच थांबली. रेवा डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून ऐकत होती. श्वास कुठे घेतला ते बघत असावी.

“आजून मारू?” आयनं विचारलं.

“मार,” रेवा म्हणाली.